चहादाणीची खोळ
(आकाशवाणीवरून केलेले भाषण)



लग्नघरात रुखवताच्या टेबलापाशी उभे राहून, बरण्यांतील लाडू-चकल्या, मण्यांचे तोरण, क्रोशाच्या रुमालांची चळत आणि कोणा हौशी मावशीने रचलेले शंकरपाळ्यांचे तुळशीवृंदावन यांचे वधूपक्षाला अपेक्षित तेवढे कौतुक करून झाल्यावर, ज्या एका वस्तूपाशी वरपक्षाकडील वडीलधाऱ्या बायका हमखास थबकतात आणि 'हे गं काय?' असे एकमेकींना हळूच विचारतात, ती वस्तू म्हणजे टीकोझी होय. कोणी तिला बाळाची टोपी समजते, कोणी बाहुलीचा परकर. आणि तिचा खरा उपयोग कळल्यावरही ती कामाला लागते असे मुळीच नाही. रुखवत आवरले की तिची रवानगी ट्रंकेत होते, डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात ती काही वर्षे काढते, आणि धाकट्या बहिणीचे लग्न ठरले की त्याच हुद्द्यावर तिची पुन्हा नेमणूक होते. इतक्या हौसेने विणली जाणारी आणि इतकी कमी वापरली जाणारी दुसरी चीज निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

ही चीज अर्थात साहेबाची. आसामातील चहाचा लंडन शहरी पहिला लिलाव १८३९ साली झाला, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात दुपारच्या चहाचा जो थाट विलायतेत रूढ झाला, त्या थाटाबरोबर चहादाणीला लोकरीचे टोपडे घालण्याची रीतही रूढ झाली. आपल्याकडे चहा घरोघर पोहोचवण्याचे श्रेय किंवा पातक, जे म्हणायचे ते म्हणा, निर्यातीवरील उपकराच्या पैशातून चाललेल्या त्या प्रचाराकडे जाते, ज्याने बाजारांत फुकट पेले वाटले आणि रेल्वे स्टेशनांवर एनॅमलच्या रंगीत पाट्या लावून चहा करण्याची शास्त्रोक्त कृती देशी भाषांतून रयतेला शिकवली. भांडे आधी गरम करावे, माणशी एक चमचा पत्ती घालावी, ताजे उकळते पाणी ओतून पाच मिनिटे थांबावे, दूध-साखर मागाहून घालावी. रयतेने ते फर्मान वाचले, शिरसावंद्य मानले, आणि घरी येऊन पाणी, पत्ती, साखर, दूध आणि आल्याचा तुकडा एकाच पातेल्यात उकळायला ठेवले.

मग असल्या चहाला टीकोझी कशाला, असा आक्षेप आमच्या घरीही निघाला होता. माझे उत्तर असे की, साहेबाच्या चहापेक्षा आपल्याच चहाला ती अधिक मानवते. साहेबाची पत्ती चहादाणीतच बसून राहते, तेव्हा वरून ऊब राखली की चहा गरम राहतो खरा, पण घटकाभरात कडू जहर होतो. आपला चहा गाळूनच किटलीत उतरतो. त्याला आणखी उतरायचे असे काही उरलेलेच नसते. अडचण एकच, सायीची. तोटीत साय अडकली की पाहुण्यांपुढे किटली उलटी-सुलटी करण्याचा प्रसंग येतो. त्यावर तोटीच्या तोंडाशी गाळण्याचा लहानसा तुकडा बसवणे हाच बंदोबस्त.

नावाचे म्हणाल, तर 'चहादाणी' हा चांगला रुळलेला शब्द असता आपण किटलीच धरून बसलो आहोत, आणि भाषाशुद्धीच्या भरात कोणी टीकोझीला 'चहादाणी-पिधान' म्हणू लागले तर त्यांच्याकडे चहाला जाण्याचे मी तरी टाळीन. मला सुचलेला शब्द आहे 'खोळ', आणि तो मला पुस्तकात सापडला नाही, कामथडीत सापडला.

कामथडी हे भोर तालुक्यातील, कापूरहोळच्या जवळचे गाव. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघालेला मनुष्य कापूरहोळावरून भोरकडे वळेपर्यंत डोंगर त्याच्याबरोबर चालत असतात, आणि पावसाळ्यात त्या डोंगरांवरून उतरणारा वारा खाचरांतील पाण्यावर अशी शिरशिरी उठवतो की, घरात बसलेल्यालाही पांघरूण घ्यावेसे वाटते. त्या खाचरांत भातलावणीसाठी ओणवा झालेला, किंवा बांधावर गुरे राखीत उकिडवा बसलेला शेतकरी घोंगडीची घडी घालून डोक्यावरून जी टोकदार टोपीसारखी पाठीवर सोडतो, ती खोळ. तान्ह्या मुलाची कुंची, पोळ्याच्या दिवशीची बैलाची झूल आणि ही खोळ पाहिल्यावर, चहादाणीला पांघरूण घालण्याची कल्पना आपल्याला परकी का वाटावी, हे मला आजतागायत उमगलेले नाही. तत्त्व सर्वत्र तेच. लोकर स्वतः ऊब देत नाही. तिच्या कुरळ्या तंतूंत अडकलेली हवा आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. म्हणून घट्ट, सपाट विणीपेक्षा फुगीर वीण श्रेष्ठ.

ज्यांना विणायची इच्छा आहे त्यांनी आधी सुया खाली ठेवून किटलीकडे पाहावे. तोटी आणि कान वगळून पोटाचा घेर मोजावा, बुडापासून झाकणाच्या गुंडीपर्यंत उंची मोजावी, आणि चार बोटांचा नमुना विणून इंचाला टाके किती बसतात ते पाहावे. चार पदरी लोकरीचे दोन धागे एकत्र घेऊन ८ नंबरच्या सुयांवर माझे इंचाला ५ टाके येतात. तुमचा हात सैल असेल तर कमी येतील, आणि मग ९ नंबरच्या सुया घ्याव्यात, कारण सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, असा हा उफराटा हिशेब आहे. घेर १८ इंच असेल तर दोन बाजू वेगवेगळ्या, प्रत्येकी ४५ टाक्यांच्या विणायच्या, आणि जोडताना एकीकडे तोटीपुरती, दुसरीकडे कानापुरती फट सोडायची. दोन रंग घेऊन, ओळीत सहा-सहा टाक्यांनी रंग बदलीत, न लागणारा धागा मागून आवळून नेला की विणीला आपोआप चुण्या पडतात (वीण आखडते, म्हणून यासाठी टाके मात्र वाढवून घ्यावेत); त्या चुण्यांच्या पोटात हवा कोंडते आणि पांघरूण दुहेरी होते. धागा आवळण्याची ही युक्ती एरवी विणकामातला दोष समजली जाते, हे विशेष. शेवटी दोन-दोन टाके एकत्र विणीत टोकाशी यायचे.

इथवर कृती झाली. गंमत याच्या पुढे आहे, आणि ती नमुन्याच्या पुस्तकातून उतरवून घेता येत नाही, कारण किटली ही आधीच कोणीतरी असते. रुंद बुडाची, आखूड तोटीची किटली म्हणजे रवणीवर बसलेली कोंबडी. तिला तुरा आणि दोन मणी दिले की काम झाले. उंच, बाकदार तोटीच्या किटलीत मला खाचरातला बगळा दिसला आणि मी तो पांढऱ्या लोकरीत विणला. तो पहिल्याच आठवड्यात चहाच्या डागांनी करकोचा झाला. आमच्या घरच्या एका बुजुर्गांना तोटीत गजवदन दिसले. त्यावर बरीच चर्चा होऊन, देवाच्या सोंडेतून चहा ओतणे प्रशस्त नव्हे असा निर्णय झाला, आणि साध्या हत्तीला मंजुरी मिळाली. एका बसक्या, पोटाळ किटलीला मी पागोटे विणले: लांब वळी विणून ती पेचांवर पेच अशी गुंडाळली आणि बाजूला शेमला सोडला. ती तोटी पुढे करून टेबलावर अशी बसे की, आता ही आपल्याकडे दाखला मागणार असे वाटावे. मामलेदार कचेरीत हयात घालवलेल्या आमच्या एका आप्तांनी त्या किटलीतला चहा घेण्याचे नाकारले होते.

खोळ मात्र बरीच वर्षे जमली नाही. पुण्याहून आणलेली लोकर फार मऊ, फार गुबगुबीत. तिच्यात घोंगडीचा ताठा येईना. शेवटी दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे निघालेल्या मेंढरांच्या वाड्यावर, चालता चालता चातीवर सूत कातणाऱ्या एका धनगराकडून काळे सूत मागून आणले. दख्खनी मेंढीची ही लोकर राठ, बोटे सोलवटून काढणारी. घोंगडीला ताठपणा चिंचोक्याच्या खळीने येतो, म्हणून मीही विणून झाल्यावर पातळ खळ दिली, आणि पहिल्यांदा गरम किटलीवर घातली तेव्हा वाफेबरोबर असा काही वास सुटला की, चहा मेंढीच्या दुधाचा आहे काय, अशी पृच्छा झाली. खळ उतरवून रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतली, पुन्हा खळ दिली, तेव्हा वास मुकाट्याने बसला. आत डोके नाही, चेहरा नाही. नुसती काळी, टोकदार खोळ, आणि पुढच्या फटीतून चिलमीसारखी डोकावणारी तोटी.

आषाढातली दुपार होती, दार उघडे होते, आणि शेजारची शेतकरीण लावणीवरून परतताना आडोशाला ओसरीवर आली. किटली दाराशी स्टुलावर होती. तिने पाहिले, तोंडाला पदर लावला, आणि हसू आवरत म्हणाली, "अगं बया, ह्ये तर आमचं म्हातारं बसलंय!" माझ्या इतक्या वर्षांच्या उद्योगाला मिळालेले ते सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र होते, आणि ते स्वीकारण्यासाठी मी तोंड उघडणार, तोच ती पुढे झाली, दोन्ही हातांनी किटली उचलली, तोटी घराकडे आणि पाठ दाराकडे होईल अशी फिरवून पुन्हा स्टुलावर ठेवली, आणि म्हणाली, "पावसाकडं तोंड करून कुणी बसतं का, वैनी?"