युरोपच्या गीतमंचावर इस्रायल



गाण्याची स्पर्धा म्हटली की डोळ्यांसमोर येते ती दूरचित्रवाणीवरची झगमगती रोषणाई, परीक्षकांच्या मुद्रा आणि प्रेक्षकांच्या लघुसंदेशांनी वरखाली होणारे पारडे. त्या सभागृहाभोवती सशस्त्र पहारा असावा, गायिकेला हॉटेलबाहेर पडण्याची मुभा नसावी, असे कोणाच्या मनातही येत नाही. एका देशाच्या वाट्याला मात्र अर्धशतकाहून अधिक काळ हेच आले आहे. तो देश इस्रायल, आणि ती स्पर्धा म्हणजे युरोव्हिजन गीतस्पर्धा.

युरोपातील सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या संघाने, म्हणजे युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने, १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे ही स्पर्धा सुरू केली. तेव्हा सात देश होते. महायुद्धात एकमेकांची शहरे बेचिराख केलेल्या राष्ट्रांनी एका रात्री एकमेकांची गाणी ऐकावीत, हा त्यामागचा भाव. प्रत्येक देशाने एक नवे गीत पाठवायचे, ते तीन मिनिटांत आटोपायचे आणि दुसऱ्यांच्या गीतांना गुण द्यायचे. स्वतःच्या गीताला गुण देता येत नाहीत.

इस्रायल तर आशिया खंडातला देश. तो या पंक्तीत कसा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो पुष्कळदा अज्ञानातून विचारला जातो. स्पर्धेचे दार भूगोलाच्या पुस्तकाने उघडत नाही, ते प्रसारण संघाच्या सदस्यत्वाने उघडते. त्या संघाचे क्षेत्र भूमध्य समुद्राच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरलेले आहे. इस्रायलला जो अधिकार आहे तोच जॉर्डन, लेबनॉन, इजिप्त, मोरोक्को यांनाही होता. त्यांनी तो बहुतेक काळ वापरला नाही, कारण त्या मंचावर इस्रायल होता. मोरोक्को एकदाच उतरला, १९८० साली. त्या वर्षी इस्रायल गैरहजर होता. २००५ साली लेबनॉनने नाव नोंदवले, गायिकाही निवडली. पण इस्रायलचे गीत जसेच्या तसे प्रक्षेपित करण्याची अट आली तेव्हा देशातील कायदा आड आला आणि त्याने माघार घेतली. फुटबॉलच्या मैदानावरही हीच कथा. १९७४ साली आशियाई महासंघातून इस्रायलला बाहेर काढण्यात आले आणि पुढे १९९४ मध्ये त्याला युरोपीय महासंघाचे पूर्ण सदस्यत्व मिळाले. शेजाऱ्यांनी ओटीवर बसू दिले नाही म्हणून दूरच्या नातलगांच्या घरी पाट मांडावा लागला, असेच हे.

इस्रायलचे पहिले पाऊल पडले ७ एप्रिल १९७३ रोजी, लक्झेंबर्गमध्ये. त्याआधी सातच महिने, सप्टेंबर १९७२ मध्ये, म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये दहशतवादी हल्ल्यात इस्रायलचे ११ खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले होते. त्यामुळे सभागृहाला छावणीचे रूप आले. प्रेक्षकांनी टाळ्या अवश्य वाजवाव्यात, पण जागेवरून उठू नये, उठल्यास गोळी लागण्याचा धोका आहे, अशी सूचना त्या रात्री दिली गेली होती, ही आठवण ब्रिटनचे प्रसिद्ध निवेदक टेरी वोगन सांगत असत. अशा वातावरणात इलानित ही गायिका उभी राहिली, हिब्रूत गायली आणि चौथी आली.

हिब्रूत गायली, या गोष्टीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. जी भाषा सुमारे सतरा शतके प्रार्थनेच्या पोथ्यांत आणि विद्वानांच्या लेखणीत राहिली, घरात मुलांशी बोलण्याची राहिली नव्हती, ती एलिएझर बेन-येहुदा आणि त्यांच्या पिढीने पुन्हा चुलीपाशी आणली. १९७८ साली पॅरिसमध्ये इझहार कोहेन आणि त्याच्या साथीदारांनी जे गीत गाऊन इस्रायलला पहिले विजेतेपद मिळवून दिले, त्याचे नाव 'अ-बा-नी-बी'. ही मुलांची गुप्त भाषा. आपल्याकडे पोरे 'च'ची भाषा बोलतात, मोठ्यांना कळू नये म्हणून प्रत्येक शब्दात 'च' घुसडतात, तसा इस्रायलची पोरे 'ब' घुसडतात. भाषा खरोखर जिवंत झाली की नाही याचा पुरावा व्याकरणाच्या ग्रंथात शोधण्यापेक्षा अशा पोरखेळात शोधावा. मेलेल्या भाषेत कोणी खोड्या काढीत नाही.

त्या रात्री जॉर्डनच्या दूरचित्रवाणीने इस्रायलच्या गीताच्या वेळी पडद्यावर फुलांचे चित्र दाखवले. गुणमोजणीत इस्रायल जिंकणार असे दिसू लागताच प्रक्षेपण बंद केले आणि नंतर बेल्जियम विजयी झाल्याचे सांगितले. बेल्जियम दुसरा आला होता. ही हकीकत आज विनोद म्हणून सांगितली जाते. पण एखाद्या राष्ट्राचे अस्तित्वच मान्य नसले की त्याचा विजय जाहीर करणेही कसे अशक्य होते, हे यातून दिसते.

विजेत्याने पुढल्या वर्षी यजमान व्हावे, हा रिवाज. म्हणून ३१ मार्च १९७९ रोजी स्पर्धा जेरुसलेममध्ये भरली. पाचच दिवसांपूर्वी, २६ मार्चला, वॉशिंग्टनमध्ये इजिप्त आणि इस्रायल यांच्या शांतता करारावर स्वाक्षऱ्या झाल्या होत्या. अरब देशांच्या दबावामुळे तुर्कस्तानने ऐन वेळी अंग काढून घेतले. 'हल्लेलुया' हे इस्रायलचे गीत होते. गुणमोजणीत शेवटची पाळी स्पेनची होती आणि त्या क्षणी स्पेनच एका गुणाने आघाडीवर होता. स्वतःला गुण देता येत नाहीत. स्पेनच्या परीक्षकांनी इस्रायलला १० गुण दिले आणि स्वतःच्या हातातील विजय यजमानांच्या ओंजळीत टाकला. त्या वेळी स्पेन आणि इस्रायल यांच्यात राजनैतिक संबंधही नव्हते. ते १९८६ मध्ये जुळले. या स्पेनकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

लागोपाठ दुसऱ्यांदा यजमानपद पेलण्याचा खर्च इस्रायलला परवडणारा नव्हता. १९८० ची स्पर्धा हेगला गेली आणि तिची तारीख नेमकी इस्रायलच्या हुतात्मा स्मृतिदिनी आली. विजेता देश घरी बसला. १९८४ सालीही तेच कारण घडले आणि १९९७ मध्ये ज्यूंच्या वंशसंहाराच्या स्मृतिदिनाशी तारीख भिडली म्हणून. युरोपातील कोट्यवधी प्रेक्षकांसमोर मिरवण्याची संधी सोडून हा देश आपल्या मृतांसाठी गाणे बंद ठेवतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१९८३ ची स्पर्धा म्युनिकमध्ये भरली. ज्या शहरात अकरा वर्षांपूर्वी खेळाडूंचे रक्त सांडले, ज्याच्या वेशीजवळ डाखाऊची छळछावणी होती, तेच हे शहर. इस्रायलने तेथे ऑफ्रा हाझा हिला पाठवले. येमेनमधून आलेल्या ज्यू कुटुंबातली, तेल अवीवच्या गरीब वस्तीत वाढलेली ही मुलगी. गीताचे नाव एकच शब्द, 'खाय', म्हणजे जिवंत. ती दुसरी आली. लक्झेंबर्ग सहा गुणांनी पुढे गेले. पण त्या वर्षीच्या विजेत्या गीतापेक्षा हे दुसऱ्या क्रमांकाचे गीतच इस्रायलच्या घराघरांत राहिले.

बाहेरचे वाद इतके असताना घरातले वाद कमी होते असे मात्र नाही, आणि ते सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही. १९८७ साली एका विनोदी जोडीचे गीत निवडले गेले, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष आणि तत्कालीन शिक्षण व संस्कृतिमंत्री यित्झाक नावोन यांनी हे गीत गेल्यास राजीनामा देण्याचा इशारा दिला. गीत गेले, आठवे आले, मंत्रीही राहिले. १९९८ मध्ये, राष्ट्राच्या पन्नासाव्या वर्षी, लिंगपरिवर्तन केलेली गायिका डाना इंटरनॅशनल हिची निवड झाली आणि धार्मिक पक्षांचे नेते खवळले. तिने बर्मिंगहॅममध्ये विजेतेपद आणले आणि तेल अवीवच्या रस्त्यांवर लोक नाचले. २००० साली स्टॉकहोमला गेलेल्या चमूने मंचावर इस्रायलबरोबर सीरियाचाही ध्वज फडकावला, तेव्हा त्यांना पाठवणाऱ्या प्रसारण संस्थेनेच हात झटकले. २००९ मध्ये मॉस्कोत ज्यू गायिका नोआ आणि अरब गायिका मीरा अवाद एकत्र गायल्या. इस्रायलच्या वतीने अरबी शब्द प्रथमच त्या मंचावर उमटले. एका देशाने पाठवलेली ही माणसे किती परस्परविरुद्ध आहेत, हे बहिष्काराच्या फलकांवर कधी लिहिलेले नसते.

शब्बाथचा प्रश्न तर याहून गंभीर. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत श्रद्धावान ज्यू काम करीत नाही. कोकणातल्या वाचकाला हे नव्याने सांगायला नको. अलिबागच्या परिसरात तेल गाळणारे बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले आणि शतकानुशतके त्यांच्या त्या विश्रांतीत कोणी व्यत्यय आणला नाही. युरोव्हिजनची अंतिम फेरी शनिवारी रात्री असते आणि तालमी मात्र शुक्रवारी रात्री व शनिवारी दिवसा. २०१८ साली लिस्बनमध्ये नेटा बार्झिलाय जिंकली आणि २०१९ ची स्पर्धा तेल अवीवला आली. त्या वर्षी देशांतर्गत निवडीत शल्वा नावाचा, अपंग वादकांचा चमू सर्वांचा लाडका ठरला होता. त्यातले काही जण शब्बाथ पाळणारे. शुक्रवारच्या तालमीतून सूट मिळणार नाही हे कळताच त्यांनी स्वतःहून नाव मागे घेतले. पुढे गुरुवारच्या उपान्त्य फेरीत ते पाहुणे म्हणून गायले.

तेल अवीवच्याच अंतिम फेरीत आइसलँडच्या कलाकारांनी गुणमोजणीच्या वेळी पॅलेस्टाइनच्या रंगांचे फलक दाखवले आणि त्यांच्या प्रसारण संस्थेला ५ हजार युरो दंड झाला. पण तोवरचा विरोध मर्यादित होता. खरे वादळ ७ ऑक्टोबर २०२३ नंतर आले.

त्या दिवशी हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली, सुमारे २५० जणांना ओलीस नेण्यात आले. मारलेल्यांत नोव्हा संगीत महोत्सवाला आलेले साडेतीनशेहून अधिक जण होते. नंतरच्या युद्धात गाझामध्ये मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या तेथील आरोग्य मंत्रालयानुसार २०२५ च्या अखेरीस ७० हजारांवर गेली होती. हे दोन्ही आकडे एका श्वासात सांगावे लागतात. एक सांगून दुसरा गिळणे हे प्रचारकाचे काम.

२०२४ च्या स्पर्धेसाठी इस्रायलने पाठवलेल्या गीताचे नाव होते 'ऑक्टोबर रेन'. ते राजकीय आहे म्हणून संघाने नाकारले. माघार घ्यावी की शब्द बदलावेत, असा प्रश्न उभा राहिला. राष्ट्राध्यक्ष आयझॅक हर्झोग यांनी मध्यस्थी केली, शब्द बदलले, 'हरिकेन' हे नाव दिले आणि वीस वर्षांची एडन गोलान स्वीडनमधील माल्मो येथे गेली. रस्त्यावर हजारोंची निदर्शने, सभागृहात हुर्यो, आणि गायिका हॉटेलच्या खोलीत कडेकोट बंदोबस्तात. परीक्षकांनी तिला ५२ गुण दिले, प्रेक्षकांनी ३२३. ती पाचवी आली.

२०२५ साली बाझेलला गेलेली युवाल राफाएल ही तर त्या नोव्हा महोत्सवातूनच वाचलेली. रस्त्याकडेच्या एका लहानशा निवाऱ्यात कित्येक तास मृतदेहांखाली पडून राहून तिने जीव वाचवला होता. तिच्या गायनाच्या वेळी दोघांनी मंचावर चढण्याचा प्रयत्न केला आणि फेकलेला रंग एका कर्मचाऱ्याच्या अंगावर पडला. प्रेक्षकांच्या कौलात ती पहिली आली, एकूण गुणांत ऑस्ट्रियाच्या मागे दुसरी.

आणि इथे स्पेन परत येतो. स्पेनच्या सरकारी वाहिनीने अंतिम फेरीच्या प्रक्षेपणापूर्वी पॅलेस्टाइनच्या बाजूने काळ्या पडद्यावर संदेश झळकावला. स्पेनच्या परीक्षकांनी इस्रायलला शून्य दिले. आणि स्पेनच्याच प्रेक्षकांनी इस्रायलला १२ गुण, म्हणजे सर्वोच्च गुण, दिले. वाहिनीने लगेच या मतदानाच्या तपासणीची मागणी केली. ही मागणी अगदीच निराधार नव्हती. इस्रायलच्या सरकारी यंत्रणेने परदेशांत पैसे देऊन जाहिराती केल्या होत्या आणि एका प्रेक्षकाला वीस मते देता येतात हे त्यांत आवर्जून सांगितले होते. तेव्हाच्या नियमांत ते बसत होते. तरी शोभणारे नव्हते. ज्या गायिकेची कहाणीच बोलकी होती, तिच्या मागे सरकारने जाहिरातींचा खर्च उभा केला आणि तिला खरोखर मिळालेल्या मतांवरही संशयाची सावली पाडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये संघाने मतांची मर्यादा वीसवरून दहावर आणली आणि सरकारांच्या अशा प्रचाराला आवर घालणारे नियम केले.

बहिष्कारवाद्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा रशियाचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण होताच दुसऱ्या दिवशी रशियाला वगळण्यात आले, मग इस्रायलला का नाही? याचे उत्तर देताना गडबडून चालत नाही. संघाने दिलेले उत्तर असे, की स्पर्धा सरकारांची नाही, प्रसारण संस्थांची आहे. रशियाच्या वाहिन्या सरकारच्या मुखपत्र बनल्या होत्या, इस्रायलची 'कान' ही संस्था स्वतंत्र आहे आणि स्वतःच्याच सरकारच्या रोषाला तोंड देते. कानवर बंद पडण्याची वा विक्रीची टांगती तलवार इस्रायलमधील मंत्र्यांनीच वारंवार धरली, हे खरे आहे. पण याच न्यायाने सरकारी जाहिरातींची मदत घेणे या उत्तराला दुबळे करते, हेही तितकेच खरे.

४ डिसेंबर २०२५ रोजी जिनिव्हातील बैठकीत इस्रायलबद्दल वेगळे मतदान घेऊ नये, असे बहुमताने ठरले. स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स आणि स्लोव्हेनिया यांनी त्याच दिवशी माघार जाहीर केली. आठवड्याभरात आइसलँडही गेला. २०२४ चा विजेता, स्वित्झर्लंडचा नेमो, याने आपले मानचिन्ह संघाला परत केले.

पुढल्या स्पर्धेचे यजमानपद व्हिएन्नाकडे आले होते, थिओडोर हर्झल यांनी ज्या शहरात पत्रकारिता केली त्या व्हिएन्नाकडे. ऑस्ट्रियाच्या प्रसारण संस्थेने इस्रायल स्पर्धेत असलाच पाहिजे, अशी बाजू ठामपणे मांडली होती. तिनेच डिसेंबर २०२५ मध्ये असेही जाहीर केले, की सभागृहात पॅलेस्टाइनचा ध्वज आणण्यास मनाई नसेल, आणि इस्रायलच्या गायकाविरुद्ध हुर्यो उठली तर ती प्रक्षेपणात दाबली जाणार नाही.