एक रुपयाची पुडी आणि तिचं उरलेलं बिल

मी रत्नागिरीहून बोलतेय. इयरफोन लावलेत ना? आज एका अगदी छोट्या वस्तूबद्दल बोलायचंय: शॅम्पूची पुडी. कुठल्याही किराणा दुकानात जा, दारातच तिच्या माळा लटकलेल्या असतात. आणि पावसाळ्यानंतर मांडवीला किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर फेरी मारा, तीच पुडी वाळूत अर्धी रुतलेली दिसते. रंग उडालेला, पण बाकी धडधाकट.

आधी थोडा इतिहास. शॅम्पूची पुडी आपल्या देशात रुजली ती तमिळनाडूतल्या कडलूरहून. चिन्नी कृष्णन यांचं म्हणणं असं, की श्रीमंत माणूस जे वापरतो ते मजुरालाही परवडलं पाहिजे. पुढे १९८३ मध्ये त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी चिक शॅम्पू आणला आणि पुडी खेडोपाडी पोचली.

म्हणून पुडी घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. मिरकरवाड्याहून बोटीवर जाणारा खलाशी, आंब्याच्या मोसमात बागेवर आलेला कामगार, यांनी अख्ख्या बाटलीचे पैसे एकदम कुठून काढायचे?

मग घोळ कुठे आहे? घोळ पुडीच्या पोटात आहे. ती दिसते एक, पण असतात दोन-तीन थर. वेगवेगळं प्लास्टिक, कधी मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ थर, सगळं एकमेकांना घट्ट चिकटवलेलं. त्यामुळे माल वर्षभर टिकतो, पण हे थर पुन्हा वेगळे करणं परवडत नाही. शॅम्पूची रिकामी बाटली भंगारवाला घेतो. पुडी कोण घेणार? एक किलो भरायला हजारभर पुड्या वेचाव्या लागतील, आणि एवढं करून हातात काय? काहीच नाही.

आता हिशेब करा. घरात चार माणसं, आठवड्यातून दोनदा डोकं धुतलं, तर आठवड्याला आठ पुड्या. वर्षाला चारशेच्या वर. हे एका घराचं झालं! आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. नदीकाठी टाकलेली पुडी गटारात, गटारातून पऱ्यात, तिथून काजळी नदीत, आणि भाट्याच्या खाडीतून थेट समुद्रात. तिथे ती कुजत नाही. उन्हाने, लाटांनी तिचे बारीक बारीक तुकडे होतात, आणि ते माशांच्या पोटात जातात.

कायदा काय म्हणतो? कान साफ करायच्या बड्सची प्लास्टिकची काडी १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाली. आज दुकानात कागदाच्या काडीचे बड्स मिळतात, कुणाचं काही अडलं नाही. गुटख्याच्या पुडीत प्लास्टिक वापरायला तर २०१६ च्या नियमांतच मनाई आहे. शॅम्पूची पुडी मात्र या दोन्ही याद्यांतून सुटली. २०१६ च्याच नियमांत अशा वेष्टनांचा कचरा गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, ही चांगली गोष्ट. पण मेख अशी, की त्या प्रकारचं तेवढ्या वजनाचं प्लास्टिक देशात कुठेही गोळा झालं तरी हिशेब पुरा होतो. भाट्याची पुडी भाट्यालाच राहिली तरी कागदावर सगळं ठीक!

मला एवढंच म्हणायचंय: पुडी एक रुपयात मिळते, कारण तिचं उरलेलं बिल आपला किनारा भरतोय. ते बिल पुडी बनवणाऱ्याकडे गेलं पाहिजे. भंगारात तिला चार पैसे मिळाले, तर ती रस्त्यावर पडलेली दिसणारच नाही.

तोवर आपण काय करायचं? ज्यांना परवडतं त्यांनी मोठी बाटली किंवा शॅम्पूची वडी घ्या. शिकेकाई-रिठा आहेच, आजीला विचारा. पुडी घेतलीच, तर कोपरा पूर्ण कापू नका, तो बारका तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. रिकाम्या पुड्या एका जुन्या बाटलीत कोंबा आणि सुक्या कचऱ्यात द्या. होमस्टे चालवत असाल, तर बाथरूममध्ये पुड्यांऐवजी पंपाची बाटली ठेवा. आणि ग्रामसभेत, नगरपरिषदेत एक प्रश्न नक्की विचारा: आपल्याकडच्या पुड्या शेवटी जातात कुठे?

काय उत्तर मिळालं ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवते. चला, भेटू!