पातं फिरत नाही तेव्हा



दसरा उलटला की पेण-रोह्याच्या भातखाचरांत हल्ली इंजिनांचा आवाज घुमतो. विळ्याच्या कापणीला माणूस मिळेनासा झाला, तसं खांद्याला पट्टा अडकवून चालवायचं ग्रास कटर बऱ्याच घरांत आलं. पावसाळ्यात त्यानंच बांध बेणायचे, कलमांखालचं गवत काढायचं आणि 80 दातांचं गोल पातं लावून भातही त्यानंच कापायचं. भात वेळेत निघालं तर जमिनीतल्या ओलीवर वाल पेरता येतात. ऐन त्या दिवसांत मशीननं दगा दिला की घरातल्यांची झोप उडते.

गेल्या हंगामात शिर्कीच्या खारेपाटात एका शेतकरी दादांनी मला बोलावलं. इंजिन जोरात चालत होतं, पण भाताला टेकलं की पातं थांबायचं. ‘क्लच गेलाय, नवा टाका,’ असं त्यांना दुकानात सांगितलं होतं. मी इंजिन बंद केलं, प्लगची टोपी काढली आणि मशीन उलटं केलं. पातं आणि गिअरचा डबा यांच्या मधल्या फटीत ओला पेंढा पिळून काथ्यासारखा घट्ट बसला होता. कोयतीच्या टोकानं उकरला तर चांगला मूठभर निघाला. मग पातं सहज फिरलं. क्लच उघडून पाहिला, ड्रम तापून निळसर झाला होता, पण शूज अजून शाबूत होते. नव्या क्लचचे पैसे वाचले.

हा क्लच अगदी साधा असतो. दोन शूज एका स्प्रिंगनं एकमेकांकडे ओढून धरलेले असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात, ड्रमला आतून घट्ट धरतात आणि ड्रमबरोबर दांडा फिरतो, दांड्याबरोबर पातं. बहुतेक मशीनवर ही पकड मिनिटाला साधारण 4000 फेऱ्यांच्या आसपास बसते. म्हणून अर्ध्या रेसवर गवतात घुसू नका. पेट्रोल वाचतंय असं वाटतं, पण शूज नुसते घासत राहतात, जळका वास येतो आणि एका हंगामात क्लच संपतो. पूर्ण रेस द्या, मगच पातं भाताला लावा. माझ्या पाहण्यात क्लच जाण्याचं हे सगळ्यांत मोठं कारण आहे.

पेंढा काढूनही पातं थांबत असेल, तर इंजिन थंड झाल्यावर ड्रमचा डबा सोडा. आत तेल उतरलेलं असेल तर पुसून कोरडं करा, आणि ते कुठून येतंय तेही शोधा. शूज पातळ झाले असतील तर जोडीनंच बदला. मग हातमोजा घालून पातं घट्ट धरा आणि ड्रम हातानं फिरवून बघा. पातं धरलेलं असताना ड्रम मोकळा फिरला तर दोष क्लचचा नाही, दांड्याचे किंवा गिअरचे दाते गेलेत.

उलटा दोष जास्त धोक्याचा. रेस सोडली तरी पातं फिरतंच राहतं. आधी कार्ब्युरेटरचा स्लोचा स्क्रू किंचित सैल करून बघा. तरी थांबत नसेल तर शूजची स्प्रिंग तुटली किंवा सैल पडली आहे. स्प्रिंग बदलल्याशिवाय ते मशीन खांद्याला लावूच नका. एका घसरलेल्या पावलात पाय जाईल.

पात्याचा नट सोडताना आणखी एक लक्षात ठेवा. त्याचे आटे सहसा उलटे असतात, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवलं की तो सुटतो. नेहमीच्या सवयीनं ओढून नट चेपलेली कितीतरी मशीनं मी पाहिली आहेत.

क्लचला दोष देण्याआधी साधं कारण शोधायचं, हे मोठ्या मशीनांनाही लागू आहे. मोठ्या मैदानांवर हिरवळ कापायला बसून चालवायचं मशीन असतं. त्यातल्या बऱ्याच मशीनांत पात्याचा क्लच विजेवर चालतो. तिथंही जाणकार मेकॅनिक आधी बॅटरी, फ्यूज आणि सीटखालचा स्विच तपासतो, क्लचला हात शेवटी लावतो.

तेव्हा दादांनो, ताईंनो, उद्या सकाळी खाचरात उतरण्याआधी प्लगची टोपी काढा, पात्यामागची फट साफ करा आणि पातं एकदा हातानं फिरवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.