अक्षरप्रामाण्य आणि विवेक

१९२५ च्या जुलैत अमेरिकेतील डेटन गावी उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. बायबलचे कैवारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना संशयवादी वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी प्रश्नांनी घेरले. सृष्टिनिर्मितीचे दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही, हे ब्रायन यांनी मान्य केले. अर्थ लावणे आले, की अक्षरप्रामाण्य सुटले!

परंतु ब्रायन हे धनिकांचे हस्तक नव्हते. आयुष्यभर ते शेतकऱ्यांच्या बाजूने लढले. बलिष्ठांनीच जगावे या तत्त्वज्ञानाला उत्क्रांतिवाद बळ देईल, ही त्यांची भीती होती. डॅरोंनी वाद जिंकला. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला. श्रद्धावंताची टर उडवून विवेक रुजत नाही. त्याच्या श्रद्धेतील न्यायाची तहान ओळखली, तरच संवाद सुरू होतो.