पाऊस येतो, पाणी कां रहात नाहीं?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत दिलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं पाण्याचा विषय कोणास कोरडा वाटेल. परंतु वैशाखांत रिकामी घागर घेऊन परतणाऱ्या माउलीस तो तसा वाटणार नाहीं.

२०२२ सालीं जगांतील सुमारें २२० कोटी लोकांना घरीं सुरक्षित पिण्याचें पाणी मिळत नव्हतें. वाळवंटांतील माणसाची तहान समजूं शकते. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत वर्षाकाठीं सरासरी हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, वैनगंगा शेजारून वाहते, तरीहि उन्हाळ्यांत विहिरी तळ गांठतात. तेव्हां उणीव पर्जन्याची नव्हे, संग्रहाची आहे.

पूर्वजांनीं हें ओळखलें होतें. जो तलाव बांधील त्यास त्याखालील जमीन सवलतीनें द्यावी, अशी गोंड राजांची रीत सांगतात. कोहळी समाज तर या विद्येंत निष्णात. पूर्व विदर्भांत असे सहा हजारांहून अधिक तलाव झाले. पाळीनें अडलेलें पाणी धानास मिळे, गुरांस मिळे, आणि भूमींत मुरून विहिरींसहि मिळे.

हें वैभव कां ढळलें? १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे आले. मालगुजारी गेली हें न्याय्यच झालें. वेठ पुन्हां कोणासहि नको. परंतु पाळ राखण्याची जबाबदारी ज्याची होती तो गेला, आणि ती दुसऱ्या कोणीं मनापासून उचलली नाहीं. गाळ सांचला, बेशरमाची झुडपें माजलीं, पात्रांत शेतें शिरलीं. चंद्रपूरच्या गोंडकालीन रामाळा तलावांत तर शहराचें सांडपाणी आलें.

सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, असा नियम मात्र नाहीं. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवानें २००९ सालीं आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. तेथें ग्रामसभा सर्वसंमतीनें निर्णय घेते. जंगलाचें जें झालें तें तलावाचें कां होऊं नये?

म्हणून तीन गोष्टी कराव्या. तलावाचा गाळ काढून शेतांत न्यावा; २०१७ पासून सरकारची तशी योजनाहि आहे. तलावाकडे पाणी आणणाऱ्या उतारावरील झाडें राखावीं. आणि धानास किती, गुरांस किती, पिण्यास किती, हें मोरी उघडण्यापूर्वीं ग्रामसभेंत ठरवावें; त्यांत पाळीच्या शेवटीं ज्याचें शेत, त्याचा शब्द आधीं ऐकावा.

येत्या उन्हाळ्यांत प्रत्येक घरानें आपल्या गांवच्या तलावास एक दिवस द्यावा. शेजारी कोणत्या जातीचा वा धर्माचा, हें तलाव विचारीत नाहीं. आपणहि विचारूं नये. थेंबें थेंबें तळें सांचतें हें खरें. परंतु पाळ शाबूत असेल तरच.