मैदान कोणासाठी?
(ट्रस्टच्या महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



'शालेय खेळ आणि चारित्र्य' हा विषय चिटणीसांनी आम्हांस नेमून दिला. विषय तसा सोपा. खेळाने शिस्त येते, बंधुभाव वाढतो, असे म्हटले की टाळ्या मिळतात. परंतु आम्ही शिक्षक रोज मैदान पाहतो आणि आमचे मत थोडे निराळे झाले आहे. खेळाने चारित्र्य आपोआप घडत नाही. मैदानावर लबाडीही शिकता येते व पुष्कळ मुले ती शिकतातच. खेळ कसा चालविला जातो आणि कोणास खेळावयास मिळते, यावर सारे अवलंबून आहे.

खो-खोचेच पाहा. आपल्या शाळांतून चालणाऱ्या खेळात पाठलाग करणाऱ्या बाजूचे आठ गडी चौकोनांत बसलेले असतात. एकाचे तोंड इकडे, शेजाऱ्याचे तिकडे. नववा धावतो. त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. म्हणून हाताशी आलेला गडी सोडून द्यावा लागतो, पाठीमागून दुसऱ्याला खो द्यावा लागतो आणि त्याच्या जागी स्वतः बसावे लागते. शाबासकी शेवटी बाद करणाऱ्याला. पळणाऱ्याचा दम ज्या चौघांनी काढला त्यांची नावे कोणी घेत नाही. बारा वर्षांच्या मुलाला हे सोसत नाही. पहिल्या आठवड्यात तो खो मिळण्याआधीच उठतो आणि पंचाने शिट्टी वाजविली की रुसतो. दोन महिन्यांनी तोच मुलगा कान टवकारून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसतो. हा बदल व्याख्यानाने होत नाही, हे व्याख्यान देतानाच सांगून टाकलेले बरे!

पण हा लाभ मिळतो किती जणांना? संघात घेतलेल्या बाराजणांना. उरलेली शाळा कडेला उभी राहून ओरडते. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो. ढाल मात्र कार्यालयाच्या कपाटात झळकते.

आपल्या बडोद्याची रीत ही नव्हे. 1880 साली येथे जुम्मादादांनी आखाडा काढला. ते मुसलमान, त्यांचे शिष्य माणिकराव महाराष्ट्रीय हिंदू. माणिकरावांनी संस्था वाढविली, ती गुरूच्या नावाने. आजही ती जुम्मादादा व्यायाम मंदिर म्हणूनच ओळखली जाते. मोजके पहिलवान तयार करण्यावर न थांबता माणिकरावांनी पुष्कळांनी मिळून करावयाचा सांघिक व्यायाम रूढ केला. त्यांच्याकडे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि 1924 साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. आम्ही मुसलमान म्हणून हे अभिमानाने सांगतो, असे कोणी म्हणेल तर खुशाल म्हणावे. बडोदेकर म्हणूनही आम्हांस तेवढाच अभिमान आहे.

आता मुलींविषयी. सातवीपर्यंत वाऱ्यासारखी धावणारी मुलगी नववीत मैदानावर दिसत नाही. ऊन लागते, उशीर होतो, लोक काय म्हणतील. आमच्या मोहल्ल्यात आणि तुमच्या वाड्यात कारणे अगदी सारखी आहेत. 2025 च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक झाला व भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही चषक जिंकले. त्या दिवशी आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्या खेळाडूही कधीतरी नववीत होत्याच. त्यांच्या घरच्यांनी तेव्हा त्यांना जाऊ दिले.

महोत्सवाच्या निधीचा विनियोग कसा करावा, याची चर्चा चालू आहे. मैदानावर चार खोल्या बांधाव्यात, अशी एक सूचना आमच्या कानी आली. खोल्या हव्यात, हे आम्हां शिक्षकांइतके कोणास ठाऊक असणार? परंतु खो-खोला सुमारे 27 मीटर लांब व 16 मीटर रुंद जागा लागते आणि आपले मैदान त्याहून फारसे मोठे नाही. चार खोल्या तेथे आल्या तर राहील ती बोळ. खोल्या जुन्या इमारतीच्या वर चढवाव्यात. खर्च वाढेल, वाढू द्यावा. दोन लाकडी खांब, फक्की आणि पाणी मारण्यास एक नळ, एवढीच आमची मागणी आहे. सकाळचा एक तास मुलींसाठी राखून ठेवावा. त्या वेळी शाळेतील बाई मैदानावर हजर राहतील, ही जबाबदारी आम्ही शिक्षक घेतो. विश्वस्त मंडळाची बैठक पुढील महिन्यात आहे, असे समजते.