पाच टक्क्यांचा मोह

(एका नागरी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. अमेरिकेतील एका राज्याने उपाहारगृहांत व मद्यालयांत जुगाराची व्हिडिओ यंत्रे ठेवू दिली, त्याचे आपल्याला काय? परंतु प्रश्न केवळ यंत्रांचा नाही. गावाने आपली तिजोरी भरण्यासाठी आपल्याच माणसांच्या दुर्बलतेवर विसंबावे काय, हा पहिला प्रश्न आहे. आणि 'आम्हांस हे नको' असे म्हणण्याचा अधिकार गावाच्या हाती असावा काय, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न आपलेही आहेत.

मुलगी व जावई नोकरीनिमित्त शिकागोजवळच्या एका उपनगरात राहतात, म्हणून इलिनॉय राज्यात माझे जाणे-येणे असते. एका रविवारी आम्ही सहकुटुंब न्याहारीसाठी बाहेर गेलो होतो. साधेसुधे घरगुती उपाहारगृह, मुलाबाळांची गर्दी. एका कोपऱ्यात कमरेएवढ्या लाकडी आडोशापलीकडे रंगीत पडदे लुकलुकत होते. तेथे माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. समोरची कॉफी गार झालेली आणि बोट एका कळीवर. आमची न्याहारी आटोपली, तरी त्यांचे बोट थांबले नव्हते. नातवाने विचारले, "आजोबा, त्या आजी कोणता खेळ खेळतायत?" मला उत्तर सुचले नाही. त्या उत्तराच्या शोधात मी पुढे जे वाचले व पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

कायदा काय सांगतो?

२००९ मध्ये इलिनॉय राज्याने 'व्हिडिओ गेमिंग ॲक्ट' संमत केला. रस्ते, पूल, शाळा यांच्या बांधकामासाठी मोठा निधी हवा होता. कर वाढवणे लोकांना रुचले नसते. म्हणून जुगारातून पैसा उभा करण्याचा मार्ग निवडला गेला. यंत्रे प्रत्यक्षात सुरू झाली ती २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये. मद्यविक्रीचा परवाना असलेली उपाहारगृहे व मद्यालये, माजी सैनिकांची मंडळे, बंधुसंघांची सभागृहे आणि महामार्गांवरील ट्रकथांबे अशा ठिकाणी ती बसली. आरंभी एका ठिकाणी ५ यंत्रांची मर्यादा होती, एका डावाला जास्तीत जास्त २ डॉलर लावता येत आणि ५०० डॉलर जिंकता येत. २०१९ मध्ये या मर्यादा ६ यंत्रे, ४ डॉलर व १,१९९ डॉलर अशा वाढल्या. मोठ्या ट्रकथांब्यांना तर १० यंत्रांची मुभा मिळाली. दार किलकिले झाले की ते पुढे उघडतच जाते, याचा हा नमुना. आज त्या एका राज्यात ४० हजारांहून अधिक यंत्रे आहेत.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा कारभार बेबंद नाही. २१ वर्षांखालील व्यक्तीला त्या आडोशाआड प्रवेश नाही. प्रवेशद्वार कर्मचाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात असावे लागते. प्रत्येक यंत्र मध्यवर्ती संगणकप्रणालीला जोडलेले असते. यंत्रातून रोकड बाहेर पडत नाही, छापील पावती निघते आणि ती दाखवून पैसे मिळतात. पूर्वी त्याच मद्यालयांतून 'केवळ करमणुकीसाठी' अशी पाटी लावलेल्या यंत्रांवर चोरून जुगार चालत असे. तो उजेडात आला, हा समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ म्हणता येणार नाही.

शंभराची वाटणी

आता हिशेब पाहू. लोकांनी यंत्रात घातलेल्या पैशांतून जिंकणाऱ्यांना दिलेली रक्कम वजा केली की जे उरते, ते खेळणाऱ्यांचे निव्वळ नुकसान. त्यावर आरंभी ३० टक्के कर होता, २०२४ पासून तो ३५ टक्के आहे. उरलेली रक्कम यंत्रे पुरवणारी कंपनी आणि जागेचा मालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. स्थानिक नगराच्या वाट्याला मात्र तेव्हाही ५ टक्के होते आणि आजही ५ टक्केच आहेत.

म्हणजे नगराच्या तिजोरीत ५ डॉलर यावेत म्हणून १०० डॉलर लोकांच्या खिशातून कायमचे जावे लागतात. त्या लोकांत शेजारगावचे काही असतील, पण नाक्यावरच्या उपाहारगृहात बसणारा बहुधा नाक्यावरचाच असतो. कोणत्याही नगरपित्याने ५ रुपयांसाठी नागरिकांकडून १०० रुपयांची पट्टी वसूल करण्याचा ठराव मांडला, तर त्याला सभागृहात उभे राहू देतील काय? येथे मात्र तोच ठराव 'उत्पन्नाचा नवा स्रोत' म्हणून बिनबोभाट संमत होतो, कारण भरणारा स्वतः होऊन भरतो आणि घरी सांगत नाही.

योगायोग पाहा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि त्यानेही जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा ५ भागच घ्यावा असे सांगितले आहे. परंतु कौटिल्याने द्यूत एकाच ठिकाणी चालवण्याचा दंडक घातला. अन्यत्र खेळणाऱ्यास १२ पण दंड. गुप्तपणे उपजीविका करणाऱ्या गुन्हेगारांचा माग लागावा हा त्यामागचा हेतू. मनुस्मृती त्याही पुढे जाऊन राजाने द्यूत राज्याबाहेरच ठेवावे असे म्हणते. आपल्या परंपरेत बंदी आणि नियंत्रण असे दोन्ही विचार आहेत. परंतु मुलेबाळे जेथे न्याहारी करतात तेथे द्यूताचा फड मांडावा, हे दोघांनाही मान्य झाले नसते.

गावाचा नकाराधिकार

तरीही त्या कायद्यातील एक कलम मला मोलाचे वाटते. कोणतेही नगर साधा ठराव करून आपल्या हद्दीत ही यंत्रे नाकारू शकते. २५ टक्के मतदारांनी स्वाक्षऱ्या केल्यास त्यावर सार्वमतही घेता येते. खुद्द शिकागो शहराने दीर्घकाळ ही यंत्रे आपल्या हद्दीत येऊ दिली नाहीत आणि अनेक उपनगरांनी तोच मार्ग धरला. पुढे काय झाले? शेजारच्या नगराला पैसा मिळतो आणि आपले ग्राहक तिकडे जातात, असे दिसताच त्यांपैकी कित्येकांनी आपली बंदी स्वतःच उठवली. नकाराधिकार कागदावर राहिला, नकार देण्याचे बळ ओसरले.

अशाच एका सभेला मी प्रेक्षक म्हणून बसलो होतो. माझे एक मराठी स्नेही तेथे उपाहारगृह चालवतात. यंत्रांना परवानगी मिळाली असती तर त्यांचाच लाभ होता, जागेचे भाडे सहज सुटले असते. तरी ते विरोधात बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, "माझ्याकडे येणारा माणूस जेवून समाधानाने बाहेर पडावा, एवढाच माझा धंदा आहे. तो रिकाम्या खिशाने बाहेर पडला, तर मी त्याला पुन्हा 'या' कसे म्हणू?" त्यांच्यानंतर माजी सैनिकांच्या मंडळाचे एक वयोवृद्ध गृहस्थ बोलले. छप्पर गळते आहे, वर्गणी पुरत नाही, यंत्रे आली तर सभागृह वाचेल, असे त्यांचे म्हणणे. तेही खोटे नव्हते. अखेर परवानगीचा ठराव झाला. माझे स्नेही हरले. त्यांनी आजवर यंत्र ठेवलेले नाही आणि त्याची किंमत ते दरमहा मोजत आहेत.

पण त्यांचे बोलणे वाया गेले नाही. त्या सभेने परवान्यांची संख्या मर्यादित केली, दर्शनी भागातील जाहिरातीला मज्जाव केला आणि व्यवसाय किमान एक वर्ष चालवल्यावाचून यंत्रे मिळणार नाहीत अशी अट घातली. ही अट इतरही अनेक नगरांनी घातली आहे. कारण नावापुरते खाद्यपदार्थ ठेवून केवळ यंत्रांसाठी उघडलेली 'कॅफे' गावोगावी उगवू लागली होती. एका नागरिकाच्या धैर्याने पूर आला नाही असे नाही, पण बांध तरी पडला.

यंत्रे हटली तर व्यसन हटते काय, असे कोणी विचारील. साउथ डाकोटा राज्यात १९९४ मध्ये न्यायालयाच्या निर्णयामुळे ही यंत्रे सुमारे तीन महिने बंद राहिली. त्या काळात जुगाराच्या व्यसनावर उपचार मागणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली, आणि यंत्रे परतताच ती पुन्हा चढली. साउथ कॅरोलिनाने १ जुलै २००० पासून व्हिडिओ पोकर पूर्णपणे बंद केले. नॉर्वेने २००७ मध्ये दुकानांतील यंत्रे काढून घेतली. हाताशी असणे हेच या व्यसनाचे बळ आहे.

आपल्या अंगणात

आपल्याकडे जुगार हा राज्यांच्या सूचीतील विषय. जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच दिला. १९९५ मध्ये कर्नाटकातील व्हिडिओ गेम चालकांच्या प्रकरणात परवान्याची सक्तीही वैध ठरवली. शेजारच्या गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना मुभा दिली, पुढे मांडवीत जहाजे आली. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. हे स्वागतार्ह आहे. आणि आज यंत्र तर खिशातल्या मोबाइलमध्ये शिरले आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला, तो याच कारणाने.

परंतु आपल्या नगरपालिकेला या विषयात इलिनॉयमधील लहानशा गावाएवढाही अधिकार नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले, त्यांत हा नाही. मात्र दारूच्या बाबतीत आपल्या भगिनींनी वाट दाखवली आहे. उभी बाटली की आडवी बाटली, हे मतदान आपण जाणता. तेथेही २५ टक्के महिला मतदारांची मागणी लागते आणि निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीला कौल दिला की दुकान बंद होते. जो अधिकार बाटलीबाबत मिळाला, तो 'व्हिडिओ गेम'च्या पाटीआड चालणाऱ्या जुगाराबाबतही वॉर्डातील कुटुंबांना का मिळू नये? ही मागणी आपण आपल्या नगरसेवकांकडे आणि आमदारांकडे नेली पाहिजे.

आणि अधिकार मिळाला तरी तो वापरणारी माणसे लागतात. स्वतःचे भाडे थकण्याची शक्यता दिसत असताना सभेत उभे राहून 'नको' म्हणणारे माझे ते स्नेही मला वारंवार आठवतात. आपल्या गावात असे दहा जण उभे राहिले, तर कायद्याची वाट पाहत बसावे लागणार नाही. नातवाच्या प्रश्नाला मी उशिरा का होईना, उत्तर दिले: "बाळ, त्या आजी खेळत नव्हत्या. त्यांच्याशी खेळले जात होते."